ताणलेला दोर आणि भोवतीची माणसे

पावसाळ्यात मावळात किंवा मुळशीच्या पलीकडे कच्च्या रस्त्यावर गाडी रुतली की थोड्याच वेळात माणसे जमतात. कोणी भातलावणी सोडून येतो, कोणी गुरे बांधावर ठेवून येतो, मागून येणाऱ्या गाडीतली पोरे उतरतात. कोणी दगड आणतो, कोणी चाकाखाली फांद्या टाकतो, चौघे-पाच जण मागून खांदा लावतात. ही आपल्याकडची चांगली रीत आहे आणि ती टिकावी. पण त्या गाडीला पुढे विंच, म्हणजे मोटरने ड्रमवर दोर गुंडाळून ओढ देणारे यंत्र, बसवलेला असेल, त्याचा दोर समोरच्या झाडाला अडकवला असेल आणि मोटर सुरू झाली असेल, तर सगळ्यात जास्त धोका याच माणसांना असतो. कोणी दोर ओलांडून पलीकडे जातो. कोणी त्यावर पाय ठेवून तो ताणलाय का ते बघतो. कोणी मोबाइलवर चित्रीकरण करायला बरोबर समोर उभा राहतो. त्यांच्या नजरेला काहीच घडताना दिसत नसते. मोटरचा बारीक आवाज येत असतो, गाडी इंच इंच सरकत असते. त्या दोरात दोन-तीन टनांचा ताण आहे हे ठाऊक असते फक्त विंच चालवणाऱ्याला, तेही त्याने हिशोब केला असेल तर.

विंचच्या सुरक्षित वापरावर मराठीत या पुस्तकासारखे पुस्तक हवे असे मला फार दिवस वाटत होते, ते या माणसांसाठी. विंचसोबत येणारी माहितीपुस्तिका इंग्रजीत असते आणि बहुतेक वेळा खोक्यातच राहते. गाडीचा मालक ती वाचेलही कदाचित, पण मदतीला धावून आलेला शेतकरी ती वाचणार नाही, आणि त्याने ती वाचावी अशी अपेक्षाही करता येणार नाही. त्याला काय करायचे, कुठे उभे राहायचे आणि का, हे चार वाक्यांत सांगता येणे ही विंचच्या मालकाची जबाबदारी आहे. ती पार पाडायला त्याला स्वतःला हे यंत्र नीट समजलेले असावे लागते.

यंत्र तसे जुने आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराच्या जीप नागरिकांच्या हाती आल्या. त्यांची पुढची चाके हवी तेव्हा मोकळी करता यावीत यासाठी आर्थर वॉर्न यांनी 1948 मध्ये लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. त्यांच्या नावाची कंपनी पुढे विंचसाठी जगभर ओळखली गेली. आपल्याकडे महिंद्रने जीप आणली. आज नाशिकला थार तयार होते, पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा आहे, आणि उत्पादन थांबले तरी मारुतीच्या जिप्सीवर जीव टाकणारे लोक गावोगाव आहेत. मलेशियात 1997 मध्ये सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा 2014 पासून गोव्यातही भर पावसात होऊ लागली, आणि सहचालक चिखलातून दोर घेऊन धावतानाची दृश्ये मराठी तरुणांनी डोळे भरून पाहिली. त्या स्पर्धेत धावणाऱ्या सहचालकाच्या मागे कितीतरी तासांचा सराव असतो. तो मात्र चित्रफितीत दिसत नाही.

लष्करात अडकलेली गाडी सोडवणे हे स्वतंत्र कसब मानले जाते. 15 ऑक्टोबर 1943 रोजी स्थापन झालेल्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोअरकडे ते काम आहे, आणि तिथे ही सोडवणूक, म्हणजे रिकव्हरी, शिकवली जाते ती कवायतीच्या शिस्तीने. आधी पाहणी, मग हिशोब, मग जोडणी, मग जोडणीची तपासणी, आणि शेवटी ओढ. नागरी जीवनात आपण पहिल्या तीन-चार पायऱ्या गाळतो आणि थेट विंचचा रिमोट हातात घेतो. इगतपुरीजवळ महिंद्रने ऑफ-रोड चालवण्याचे प्रशिक्षण सुरू केले तेव्हा अनेकांना हौशी खेळालाही अभ्यासक्रम असतो हे पहिल्यांदा कळले. पण असे प्रशिक्षण घेतलेले चालक थोडे आणि बाजारातून विंच आणून ओळखीच्या गॅरेजमध्ये बसवून घेतलेले चालक पुष्कळ.

म्हणून आधी हिशोबाबद्दल बोलू, कारण सगळी सुरक्षितता तिथून सुरू होते. विंचवर 9,500 पौंड असे लिहिलेले असते, म्हणजे सुमारे 4,300 किलो. हा आकडा खरा असतो, पण तो ड्रमवर दोराचा फक्त सगळ्यात आतला थर उरलेला असतानाचा. वर एकेक थर चढत जातो तसा ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढण्याची ताकद थरागणिक दहा-बारा टक्क्यांनी कमी होत जाते. दोर चार-पाच थरांत गुंडाळलेला असताना, म्हणजे झाड अगदी जवळ असताना, हाच विंच जेमतेम 2,600 किलोच्या आसपास ओढतो. जवळचे झाड मिळाले की आपल्याला बरे वाटते. विंचच्या दृष्टीने ते झाड गैरसोयीचे असते.

आता गाडीकडे पाहा. माणसे आणि सामान धरून तिचे वजन 2,200 किलो समजू. लष्करी रिकव्हरीत एक ढोबळ नियम वापरतात. चिखल चाकापर्यंत असेल तर बाहेर काढायला गाडीच्या वजनाइतकी ओढ धरायची, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट, आणि त्याहून वर गेला असेल तर तिप्पट. त्यात चढ असेल तर त्याची भर. 15 अंशांच्या चढाला वजनाचा साधारण चौथा हिस्सा, 30 अंशांच्या चढाला निम्मा. म्हणजे चाकभर चिखल आणि 15 अंशांचा चढ, इतक्या साध्या वाटणाऱ्या प्रसंगातही ओढ 2,700 किलोच्या पुढे जाते, आणि जवळच्या झाडाला दोर लावलेला तो दणकट विंच तिथे थकतो. मडगार्डपर्यंत रुतलेल्या गाडीची तर गोष्टच वेगळी. विंच निवडताना त्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट असावी हा नियम सर्वत्र सांगितला जातो. वरचा हिशोब पाहिला की त्यातला 'किमान' हा शब्द किती महत्त्वाचा आहे ते कळते.

या अडचणीवर उपाय म्हणजे कप्पी. दोर झाडाला बांधलेल्या कप्पीतून फिरवून परत आपल्याच गाडीच्या हुकाला आणला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. शिवाय दोर जास्त लांब सुटल्यामुळे ड्रमवरचे थर कमी होतात, तो फायदा वेगळाच. बांधकामावरच्या चेनकुप्पीत हे तत्त्व आपण रोज वापरत आलो आहोत. पण कप्पीबरोबर एक गोष्ट येते, जी फार थोडे लोक लक्षात घेतात. दोराच्या दोन्ही बाजू समांतर असतील तर कप्पी ज्याला बांधली आहे त्या झाडावर, पट्ट्यावर आणि शॅकलवर (पट्टा जोडायच्या लोखंडी कडीवर) दोरातल्या ताणाच्या दुप्पट भार येतो. काटकोनात वळवला तरी सुमारे 1.4 पट येतो. विंचवर येणारा ताण कमी झाला म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि सगळा भार सोसत असतो तो तिकडचा शॅकल, ज्याच्यावर किती टन चालतात हे आपण वाचलेलेच नसते. क्षमतेचा आकडा कोरलेला नाही असा शॅकल, मग तो कितीही जाडजूड दिसो, गाडीत ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या कोनात दोर वळतो त्या कोनाच्या आतली जागा ही सगळ्यात धोक्याची. कप्पी सुटली किंवा पट्टा तुटला तर दोर त्या कोनाच्या आत झेपावतो. आणि गंमत बघणाऱ्यांना उभे राहायला मोकळी, सपाट जागा नेमकी तिथेच दिसते. सरळ ओढीत धोका दोराच्या रेषेत, म्हणजे गाडीच्या पुढे आणि अँकरच्या (दोर ज्याला बांधला त्या आधाराच्या) मागे, आणि दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. सोडलेल्या दोराच्या दीडपट अंतर ही धरण्याजोगी मर्यादा आहे. 20 मीटर दोर सुटला असेल तर 30 मीटर. भातखाचराच्या अरुंद बांधावर हे अंतर खूप वाटते, लोकांना ते पटत नाही, 'एवढ्या लांबून काय दिसणार' असे ते म्हणतात. तरीही आग्रह धरावा लागतो. दोर तुटणे हे जेवढे धोक्याचे, त्याहून जास्त धोक्याचे त्याच्या टोकाला असलेले लोखंड. हूक, शॅकल, गाडीचा तुटलेला कान हे सारे दोराबरोबर उडते. ऑस्ट्रेलियात ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा अडकवून गाड्या ओढल्या गेल्या, ते गोळे तुटून उडाले आणि माणसे दगावली. आपल्याकडे तो गोळा फारसा नसतो, पण ट्रकवर गाडी लादताना बांधायचे पातळ कान असतात, आणि घाईत पट्टा त्यांनाच लावला जातो. ते कान बांधण्यासाठी आहेत, ओढण्यासाठी नाहीत. चासीला पक्के बोल्ट केलेले, क्षमता माहीत असलेले हूकच वापरायचे.

ताणलेल्या दोरावर जाड घोंगडी, भिजलेले जाकीट किंवा त्यासाठी मिळणारी जड पिशवी टाकायची पद्धत चांगली आहे. दोर सुटलाच तर तिच्या वजनाने तो खाली दबतो. दोर आत येईल तशी ती मागे सरकवावी लागते, आणि ती सरकवताना आधी विंच थांबवायचा, ताण सोडायचा, मगच जवळ जायचे. घोंगडी टाकली म्हणून उभे राहण्याचे अंतर कमी करायचे नाही.

अँकरबद्दल मराठी वाचकाला इथल्या मातीवरूनच सांगायला हवे, कारण इंग्रजी पुस्तकांतले ओक आणि पाइन आपल्या उपयोगाचे नाहीत. सह्याद्रीत काळ्या खडकावर मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असतो आणि जुलैपर्यंत तो पाणी पिऊन सैल झालेला असतो. कोकणात जांभ्यावरही हीच स्थिती. वरून भक्कम वाटणारे झाड मुळांसकट हलू शकते. पांगारा, सावर, शेवगा यांचे लाकूड मऊ आणि कमकुवत, त्यांच्यावर विसंबू नये. ऐन, जांभूळ यांसारखे कठीण लाकडाचे, जिवंत, सरळ वाढलेले आणि उतारावर न झुकलेले झाड निवडावे. पट्टा बुंध्याच्या जितक्या तळाशी बांधता येईल तितका बांधावा, कारण वर बांधला की झाडाला मुळापासून उपटायला आपणच मदत करतो. पट्टा रुंद हवा. दोर थेट बुंध्याला गुंडाळून हूक त्याच दोरात अडकवला तर झाडाची साल जाते आणि दोरही कायमचा खराब होतो. वाळलेला खुंट, विजेचा खांब, कुंपणाचा दगड, पाण्याने उघडा पडलेला मोठा गोटा यांपैकी काहीही अँकर नव्हे. देवराईतल्या झाडाला हात लावू नये हेही मी याच दमात सांगेन. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले झाड आपल्या हौसेसाठी पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरी गाडी अँकर म्हणून वापरायची असेल तर तिच्या चाकांना दगड लावावे, हँडब्रेक ओढावा, आणि तिच्यात किंवा तिच्याजवळ कोणी बसू नये. समुद्रकिनाऱ्यावर झाडही नसते आणि दगडही. अलिबाग, काशीद, दापोलीच्या वाळूत दर सुट्टीला गाड्या रुततात आणि भरती चढू लागली की ट्रॅक्टर शोधायला पळापळ होते. भरती साधारण सहा तास चढत राहते. तेवढ्या वेळात सुटे चाक वाळूत खोल पुरून त्याला दोर बांधणे शक्य असते, पण ते खणायला तासभर सहज जातो आणि शांतपणे खणणारी माणसे लागतात. खरे तर त्या वाळूत गाडी घालणेच चूक. बऱ्याच किनाऱ्यांवर तशी मनाईही आहे. सड्यांबद्दलही तेच. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. तिथल्या बोटभर मातीवर चाकाची एक घसर उमटली की त्या जागी पुढच्या पावसात फुले येत नाहीत. विंच आहे म्हणून कुठेही जाता येते हा समज या यंत्राबरोबर विकत आलेला सर्वांत वाईट समज आहे.

दोर लोखंडी की कृत्रिम, यावर हौशी मंडळींत तासन्‌तास वाद रंगतात. माझा कल कृत्रिम दोराकडे आहे. तो हलका असतो, पाण्यावर तरंगतो, तुटला तरी लोखंडी तारेइतका हिंसक नसतो, आणि हाताला त्याच्या तारा टोचत नाहीत. पण त्याला ऊन, वाळूचे कण आणि उष्णता सोसत नाही. खडकाच्या धारेवर घासला की धागे कापले जातात, आणि भार असताना विंच उलटा फिरवून दोर सोडला तर ड्रममधल्या ब्रेकच्या उष्णतेने तो आतून कमजोर होतो. चिखलातून आल्यावर तो साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे एवढी निगा जो राखणार नाही, त्याने लोखंडी वायर रोप वापरावा आणि जाड चामड्याचे हातमोजे घालून तो हाताळावा. दोर हातातून घसरू द्यायचा नाही, एक हात सोडून दुसरा धरत पुढे जायचे. कुठलाही दोर असो, ड्रमवर लोखंडीचे किमान पाच आणि कृत्रिमचे आठ-दहा वेढे राहिलेच पाहिजेत. दोराचे टोक ड्रमला ज्या छोट्या स्क्रूने लावलेले असते तो भार घेण्यासाठी नसतो, भार घेतात ते हे वेढे.

लवचीक पट्ट्याबाबत एकच गोष्ट, पण ती ठाम. दुसऱ्या गाडीने झटका देऊन ओढायला वापरतात तो कायनेटिक पट्टा वीस-तीस टक्के ताणला जातो. तो विंचच्या दोराला जोडला की आपण एक प्रचंड गोफण तयार करतो. हे कधीही करायचे नाही.

विजेचे गणित थोडक्यात. पूर्ण भाराला विंच चारशे अँपियरच्या घरात प्रवाह खेचतो आणि गाडीचा अल्टरनेटर तेवढा देऊ शकत नाही. बाकी सगळे बॅटरीतून जाते. म्हणून इंजिन चालू ठेवावे, छोट्या छोट्या ओढी घ्याव्या, मध्ये मोटरला थंड होऊ द्यावे. कोकणच्या खाऱ्या हवेत वर्षभर न चालवलेला विंच गरजेच्या दिवशी चालत नाही. महिन्यातून एकदा दोर सोडून परत भाराखाली गुंडाळावा.

आणखी एक जागा जिथे बोटे जातात, ती म्हणजे शेवटचा मीटरभर दोर. गाडी निघालेली असते, सगळे हसत असतात, कोणीतरी हूक हाताने धरून दोर आत घालत असतो आणि दुसऱ्याच्या हातात रिमोट असतो. हूक फेअरलीडपाशी, म्हणजे दोर ज्यातून ड्रमकडे आत जातो त्या चौकटीपाशी, पोचतो तेव्हा बोटेही तिथेच असतात. हूकला बांधलेली छोटी पट्टी त्यासाठीच असते, ती धरायची. आणि रिमोट ज्याच्या हातात आहे त्यानेच दोर हाताळायचा, म्हणजे 'थांब' म्हणण्याची गरजच पडत नाही.

कायद्याची बाजूही विसरू नये. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाड्यांपुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याचे निर्देश राज्यांना दिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीत मनमानी फेरफार करता येत नाही. विंचसाठी बसवलेला जड बंपर पादचाऱ्याला घातक ठरतो आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामातही अडथळा आणू शकतो. तो बसवण्याआधी आरटीओत विचारावे, नंतर नव्हे.

आता पुन्हा त्या जमलेल्या माणसांकडे येतो, कारण हे पुस्तक माझ्या दृष्टीने शेवटी त्यांच्याबद्दल आहे. रुतलेल्या गाडीपाशी सूचना देणारा माणूस एकच असावा. बाकीचे कितीही जाणकार असोत, त्यांनी गप्प राहावे. त्या एकाने दोर ताणण्यापूर्वी प्रत्येकाला नावाने किंवा हाताने दाखवून दूर करावे. 'दादा, तुम्ही त्या बांधापलीकडे जा, दोर तुटला तर इथवर येतो' असे कारण देऊन सांगितले की कोणीही ऐकतो. नुसते 'बाजूला व्हा' म्हटले की माणूस दोन पावले सरकतो आणि पुन्हा पुढे येतो. मुले असतील तर त्यांच्यासाठी एक मोठा माणूस वेगळा नेमावा. ज्यांना मदत करायचीच आहे त्यांना काम द्यावे: कोणी वाटेवर थांबून येणाऱ्या गाड्या अडवाव्या, कोणी चाकामागे दगड लावून परत लांब जावे. आणि हे सगळे होईपर्यंत रिमोट विंचला जोडायचाच नाही.

वाचकांना एक विनंती. हे पुस्तक वाचून झाले की मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, एखाद्या मोकळ्या मैदानावर गाडी न्या. शेवटचे वेढे ठेवून बाकी दोर सोडा, थर मोजा, शॅकलवरचे आकडे वाचून वहीत लिहा, कप्पी लावून पाहा, आणि घरातल्या एका माणसाला दीडपट अंतरावर उभे करून ते अंतर प्रत्यक्ष किती असते ते पाहून घ्या. मग पुढची प्रकरणे त्या वहीसह पुन्हा वाचावीत.